दाद वेळेवर पोचली पाहिजे

१९ नोव्हेंबर २०२३ला, क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या दिवशी, इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या गल्लीत आरोळी आधी ऐकू यायची आणि गडी नंतर बाद व्हायचा. समोरच्यांकडे डिश, शेजारी केबल आणि आमच्या टीव्हीवर इंटरनेटचं अ‍ॅप. ऑस्ट्रेलियाचे पहिले तीन गडी ४७ धावांत गेले. तिन्ही वेळा समोरच्या पोरांचा गलका खिडकीतून आत आला, तेव्हा आमच्या पडद्यावरचा गोलंदाज अजून चेंडू चोळत उभा होता. तिसऱ्यांदा तसं झाल्यावर आई म्हणाली, "आपल्याला शिळं वाढताहेत रे हे."

आईचं निदान बरोबर होतं. इंटरनेटवरून येणारं थेट प्रक्षेपण नळाच्या धारेसारखं सलग येत नाही. चित्राचे काही काही सेकंदांचे तुकडे पाडतात, ते सर्व्हरवर चढवतात, आपलं अ‍ॅप त्यातले दोन-चार तुकडे आधी साठवून ठेवतं आणि मग दाखवायला लागतं. मध्येच चित्र अडकू नये म्हणून ही सोय. त्यात वीस-तीस सेकंद सहज जातात. त्या सामन्याच्या वेळी हॉटस्टारवर एका क्षणी ५ कोटी ९० लाख लोक एकदम बघत होते. एवढ्या पंगतीला एकाच वेळी वाढायचं तर थोडा उशीर होणारच, आणि ज्या अभियंत्यांनी हे जमवलं त्यांचं मला मनापासून कौतुक आहे. पण घरच्या करमणुकीचं जे काही गेल्या पंचवीस वर्षांत झालं, ते सगळं मला या अर्ध्या मिनिटात दिसतं.

गाणं ऐकणाऱ्याला ठाऊक असतं की दाद समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर पडते. गायक समेवर आला, समोरून "वा" आलं, त्याने मान हलवली आणि पुढची तान वेगळी घेतली. तीच दाद अर्ध्या मिनिटाने आली तर गायक तोवर अंतऱ्यात पोचलेला असतो. म्हणून सहभागाची माझी कसोटी एवढीच आहे: आपण तिथे असल्यामुळे समोरचा कार्यक्रम जराही बदलला का? बदलला असेल तर आपला सहभाग झाला. आपली नुसती नोंद झाली असेल तर ती मोजणी. आपल्याला आज सहभाग म्हणून जे दिलं जातं ते बहुतांशी मोजणी आहे. आणि आम्ही महाराष्ट्राबाहेरचे मराठी लोक तर त्या मोजणीतही धड नाही.

आधी काय होतं ते सांगतो. आकाशवाणीचं इंदूर केंद्र मालवा हाऊसमध्ये १९५५ साली सुरू झालं, विविध भारती १९५७च्या ऑक्टोबरात. आई तेव्हा रामबागेत राहायची. शाळकरी वयापासून लग्न होईपर्यंत तिने फर्माइशीची कार्डं पाठवली. झुमरीतलैयासारखं झारखंडातलं लहानसं गाव केवळ या फर्माइशींमुळे देशभर माहीत झालं, त्याच काळातली ही गोष्ट. कार्डावर गाणं, चित्रपट, घरातल्या सगळ्यांची नावं आणि खाली ठसठशीत अक्षरात इंदूर. नाव वाचलं जायचं ते पाच-पंचवीस नावांच्या रांगेत, तेही कधीतरी. पण ज्या दिवशी वाचलं गेलं त्या दिवशी ते गाणं लागण्यात तिचाही वाटा होता. तो वाटा किती लहान होता याचा हिशेब तिने कधी केला नाही. आज ऐंशी ओलांडल्यावरही ते गाणं लागलं की ती म्हणते, "हे मी मागितलं होतं."

मग टीव्ही बोलायला लागला. २०००च्या जुलैत कौन बनेगा करोडपती आलं आणि प्रेक्षकांना विचारायची सोय झाली. २००४-०५मध्ये इंडियन आयडॉलने मतदान एसएमएसवर आणलं. अभिजीत सावंत त्यात होता, मराठी मुलगा, त्यामुळे आमच्या नात्यात त्या महिन्यांत कुणाचा फोन रिकामा नव्हता. मामाने एका संध्याकाळी एकाच फोनवरून किती मतं पाठवली ते बिल आल्यावर कळलं. असा एसएमएस साध्या एसएमएसपेक्षा महाग पडायचा आणि त्या पैशात मोबाइल कंपनीचा आणि वाहिनीचा वाटा असायचा. तरीही मी त्याला नावं ठेवणार नाही. कुणीतरी जिंकलं आणि आपल्या मताने जिंकलं, एवढं तरी त्यात होतं.

खरा फरक त्यानंतर पडला. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि आमच्यासारख्या घरात एकाचे चार पडदे झाले. आता मत मागायची फारशी गरजच उरली नाही. आपण काय लावलं, कुठे थांबवलं, कोणता भाग अर्धा सोडला, हे सगळं न विचारता कळतं. नेटफ्लिक्सच्याच अधिकाऱ्यांनी २०१५ साली एका निबंधात लिहिलं आहे की लोक जेवढे तास बघतात त्यातले साधारण ८० टक्के त्यांनी सुचवलेल्या गोष्टींचे असतात. म्हणजे आपण निवडतो असं आपल्याला वाटतं, आणि ताट बरंचसं आधीच वाढलेलं असतं. याच कंपनीने २०१८च्या डिसेंबरात प्रेक्षकाने रिमोट दाबून पुढचं वळण ठरवायचं असा एक चित्रपट आणला होता. त्याचा केवढा बोलबाला झाला! पण ती वळणंही आधीच चित्रित करून ठेवलेली, आपण फक्त दारं उघडायची. २०२४-२५मध्ये कंपनीने असे जवळजवळ सगळे कार्यक्रम काढून टाकले. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. आधीच ठरलेल्या उत्तरांतून एक उचलणं म्हणजे संवाद नव्हे, हे लोकांना बोटांतूनच कळत असावं.

आता आमच्या मोजणीबद्दल. १ फेब्रुवारी २०१९पासून ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, नवे नियम लागू झाले. तेव्हा १३० रुपये अधिक कर भरून १०० वाहिन्या, आणि पैशाच्या वाहिन्या ज्याने त्याने निवडून घ्यायच्या. ऐकायला हे प्रेक्षकाच्या हक्काचं होतं. आमच्याकडे काय झालं? त्याआधी गल्लीतल्या दहा-पंधरा घरांनी केबलवाल्याला धरलं की तो मराठी वाहिनी लावून द्यायचा. नव्या नियमानंतर त्याने छापील यादी आणून दिली. हिंदीचा तयार पॅक, आणि मराठी वाहिन्या शेवटच्या पानावर, एकेक करून खूण करायच्या. आईने चष्मा लावून खुणा केल्या. पुष्कळ घरांनी केल्या नाहीत, कारण ते पान कुणी उलटलंच नाही.

आणि ज्यांनी खुणा केल्या त्यांचं बघणं कुठे धरलं जातं? टीव्हीचं मोजमाप करणारी बार्क ही संस्था २०१५पासून आकडे देते. निवडक घरांत पेट्या लावलेल्या असतात, वाहिनीच्या आवाजात कानाला ऐकू न येणारी खूण मिसळलेली असते आणि पेटी ती ओळखते. मराठी वाहिन्यांची जी क्रमवारी दर आठवड्याला प्रसिद्ध होते, ती महाराष्ट्र आणि गोवा या बाजारपेठेची. मालिका चालू ठेवायची की गुंडाळायची, नायिकेला किती रडवायचं, हे त्या आकड्यांवर ठरतं. इंदुरातल्या एखाद्या घरी पेटी असली तरी तिथली मराठी मालिका त्या क्रमवारीत येत नाही. २०११च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे १२ लाखांच्या घरात होते. त्याच जनगणनेत गोव्यात मराठी मातृभाषा सांगणारे दीड लाखाच्या आसपास. गोव्यात कोकणी बोलणारी माणसंही मराठी वाहिन्या बघतात, त्यामुळे गोवा धरायलाच हवा. पण १२ लाखांचा मुलूख वगळायचा आणि उरलेल्यांनाच मराठी प्रेक्षक म्हणायचं, हे मला पटत नाही. बुऱ्हाणपूर, छिंदवाडा, बैतूल, ग्वाल्हेर, देवास, इंदूर इथली माणसं पैसे भरून बघतात. त्यांच्या आवडीनिवडीला त्या यादीत जागा नाही.

अ‍ॅपने इथे मोठं काम केलं आहे आणि ते मी मोकळेपणाने सांगतो. २०२३च्या आयपीएलचं प्रक्षेपण जिओसिनेमावर बारा भाषांत होतं, त्यात मराठी होती. मुलाने सेटिंगमध्ये जाऊन मराठी लावली. आमच्या घरात क्रिकेटचं मराठी समालोचन त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. इंदूर सुशील दोशींचं गाव, हिंदी समालोचनावर पोसलेलं. ते प्रेम कमी झालं नाही, पण आई तीन तास खुर्चीवरून उठली नाही. भाषा पिनकोडला बांधलेली राहिली नाही, हे नव्या तंत्रज्ञानाचे आमच्यासारख्यांवर उपकारच आहेत.

मात्र अशीच अ‍ॅप्स दुसऱ्या एका जागी आमच्याकडे पाठ फिरवतात. माझा मुलगा चौदा वर्षांचा. शाळा इंग्रजी माध्यमाची, गल्ली हिंदीची, घर मराठीचं. मराठी चित्रपट लावला की तो पडद्याखालची इंग्रजी उपशीर्षकं वाचून संवाद समजून घेतो. देवनागरी त्याला सफाईने वाचता येते, कारण हिंदी शिकतो. त्याच संवादाची मराठी अक्षरं खाली आली तर तो मराठी वाचेल, ऐकेल आणि दोन्ही जोडेल. पण मराठी चित्रपटाला मराठी उपशीर्षक क्वचितच सापडतं. ही कल्पना काही माझ्या डोक्यातून निघालेली नाही. अहमदाबादच्या आयआयएममध्ये ब्रिज कोठारी यांनी १९९६पासून याच विषयावर काम केलं. ज्या भाषेतलं गाणं त्याच भाषेत खाली अक्षरं, म्हणजे बघता बघता वाचनाचा सराव होतो. दूरदर्शनच्या चित्रहार आणि रंगोलीत ते प्रत्यक्ष आलंही. २०१९मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने कर्णबधिर प्रेक्षकांसाठी टीव्ही कार्यक्रमांवर अक्षरं किंवा खुणांची भाषा दाखवण्याचे निकष काढले. म्हणजे त्याच अक्षरांचा उपयोग कमी ऐकू येणाऱ्या आजोबांना आणि मराठी निसटत चाललेल्या नातवाला एकाच वेळी होईल. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांनी कंपन्यांकडे एकच मागणी करायची असेल तर मी हीच करेन.

मुलाने परवा एका संवादाशी चित्र थांबवलं आणि विचारलं, "आजी, हुरहुर म्हणजे? इथे इंग्रजीत काहीतरी वेगळंच लिहिलंय." आईने त्याला दहा मिनिटं समजावलं. तिच्या माहेरच्या निंबाच्या झाडापर्यंत ती जाऊन आली. चित्रपट तसाच थांबलेला. मला विचाराल तर त्या संध्याकाळची खरी करमणूक तीच होती.

आता आपल्या हातात काय आहे, त्याबद्दल. सुदामा नगरात माझी काकू राहते. वय सदुसष्ट. गळा गोड, पण लग्नानंतर गाणं सुटलं, कारण पेटीवाला कोण आणणार, तबलजी कोण बोलावणार. चार वर्षांपूर्वी मुलीने तिला माइक जोडलेला एक कराओके स्पीकर आणून दिला. आता दर गुरुवारी दुपारी सात-आठ जणी तिच्याकडे जमतात. यूट्यूबवर भावगीताचा ट्रॅक लावतात, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करतात आणि शब्द वाचत गातात. ज्या बाईने चाळीस वर्षं फक्त स्वयंपाकघरात गुणगुणलं, ती आज माइक धरून उभी राहते. यंत्राने हे केलं, आणि हे फार मोठं आहे.

पण मी एका गुरुवारी तिथे बसलो होतो. काकूने अंतऱ्यातली एक जागा जरा लांबवली. ती तिची स्वतःची, लहानपणी कुणाकडून तरी ऐकलेली. ट्रॅक पुढे निघून गेला. ती धावत त्याच्यामागे गेली, एक ओळ गळली, आणि गाणं संपल्यावर सगळ्यांना म्हणाली, "चुकलं माझं." तिचं काहीच चुकलं नव्हतं. तबलजी असता तर त्याने डोळ्यांनी विचारलं असतं, ठेका धरून ठेवला असता, आणि तिची जागा पुरी झाल्यावर समेवर भेटला असता. ट्रॅक थांबत नाही. पुढच्या वेळी बायकांनीच तोडगा काढला. एक जण ट्रॅक बंद करून टाळ्यांनी ठेका देते आणि तो अंतरा काकू तशीच म्हणते, मग परत ट्रॅक. या बायकांनी कुठलंही पुस्तक न वाचता जो मार्ग काढला तो मला साऱ्या प्रश्नाचं उत्तर वाटतो. यंत्र घ्यायचं, आणि जिथे ते आपल्यासाठी थांबत नाही तिथे बाजूला ठेवायचं.

इंदूरला हे शिकवावं लागू नये. रामूभैया दाते यांच्यासारख्या रसिकाचं हे शहर. ते मंचावर गाणारे कलावंत नव्हते, ऐकणारे होते, आणि मोठमोठे गायक त्यांच्या घरी ऐकवायला यायचे. आजही सानंद ही संस्था मुंबई-पुण्याचं नाटक आणते तेव्हा शनिवार-रविवारी पाच प्रयोग होतात, पाच प्रेक्षकसमूहांसाठी, आणि त्यातल्या एका समूहाला रामूभैयांचं नाव आहे, एकाला पत्रकार राहुल बारपुत्यांचं. ऐकणाऱ्याच्या नावाने प्रेक्षागृह भरतं, अशी शहरं मला फार माहीत नाहीत. दोन दिवसांत पाच प्रयोग करणारे नट पाचही वेळा वेगळं करतात, कारण समोरची माणसं वेगळी असतात. सकाळच्या प्रयोगाचं हसू आणि रात्रीच्या प्रयोगाचं हसू एका ठिकाणी पडत नाही.

मात्र या प्रेक्षागृहात माझी आई आता येऊ शकत नाही. गुडघे साथ देत नाहीत. तिच्यासारखी माणसं दर घरात आहेत. मोठ्या संस्थांना सगळं थेट दाखवता येत नाही, हक्कांचे प्रश्न असतात, आणि घरी फुकट दिसलं तर तिकीट कोण काढणार ही भीती खरी आहे. ती भीती मी झटकून टाकत नाही. महाराष्ट्रातून नाटकाचा ट्रक इतक्या लांब येतो तो तिकिटांच्या जोरावर. म्हणून माझं म्हणणं व्यावसायिक नाटकाबद्दल नाही. ते आहे गल्लीतल्या मंडळांच्या गाण्यांबद्दल, गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांबद्दल, कोजागरीच्या बैठकींबद्दल.

गेल्या वर्षी एका मंडळाने गाण्याचा कार्यक्रम थेट दाखवला. एक कॅमेरा, मागच्या भिंतीला टेकवलेला. आई टॅबलेटसमोर बसली, एका जागेला तिने खळखळून दाद दिली, आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "त्याला ऐकू गेलं का?" मी नाही म्हटलं. तिने आवाज कमी केला आणि जपमाळ घेतली.

इथे तंत्रज्ञानाची एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कोट्यवधी लोकांना पोचणारं प्रक्षेपण वीस-तीस सेकंद मागे असतं. पण आपण नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलतो तेव्हा उशीर जेमतेम सेकंदाचा, बहुतेकदा त्याहून कमी. ते तंत्रच वेगळं. लाखो लोकांसाठी ते महाग आणि अवघड, पण चाळीस-पन्नास घरांसाठी सहज जमणारं. म्हणजे जी गोष्ट बलाढ्य कंपनीला तिच्या आकारामुळे जमत नाही, ती लोकमान्य नगरच्या मंडळाला त्याच्या लहानपणामुळे जमते. कोविडच्या बंदीत, २०२०मध्ये, हृषिकेश जोशी यांनी नट आपापल्या घरात आणि प्रेक्षक आपापल्या घरात असं मराठी नाटक थेट सादर करून दाखवलंच की. मग पन्नास घरं, प्रत्येकी थोडे पैसे, सभागृहात गायकासमोर एक मोठा पडदा आणि त्यावर त्या घरांतले चेहरे, हे आपल्याला का जमू नये?

आम्ही यंदा एका छोट्या बैठकीत करून पाहिलं. पहिल्या पाच मिनिटांत तानपुरा गायब झाला. मीटिंगसाठी केलेल्या त्या अ‍ॅपला सलग चालणारा सूर म्हणजे पंख्याची घरघर वाटते आणि ते तो पुसून टाकतं. मुलाने सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ शोधून काढला आणि तानपुरा परत आला. घराघरातले माइक बंद ठेवले होते, नाहीतर कुकरच्या शिट्ट्या मैफलीत आल्या असत्या. बंदिश संपत आली की एक मुलगा घरचे माइक उघडायचा. त्या संध्याकाळी तिहाई, म्हणजे तीनदा घेतलेला तोच तुकडा, समेवर आली आणि बावीस घरांतून एकदम आवाज आला, थोडा पुढे-मागे, पण आला. गायकाने मान वर केली, पडद्याकडे बघितलं आणि ती तिहाई पुन्हा घेतली. या वेळी आईला मला काही विचारावं लागलं नाही.

काही जण म्हणतील की हा सगळा म्हाताऱ्यांचा प्रश्न आहे, पोरांना रील पुरतात. मुलांना रील करायला आवडतं हे खरं, आणि त्यात मला आशाच दिसते. ती बनवतात, नुसती बघत नाहीत. फक्त त्यांना उत्तर देणारा जवळचा प्रेक्षक हवा, ज्याचा चेहरा दिसतो असा. तो देणं मंडळांचं काम आहे.

उपशीर्षकांची मागणी आम्ही पाठवली आहे. मुलगा अ‍ॅपच्या मदत कक्षात इंग्रजीत दोन ओळी लिहून मोकळा होणार होता. आईने त्याला थांबवलं आणि मराठीत मजकूर सांगितला. सुरुवातीला सप्रेम नमस्कार, मग कोणत्या चित्रपटाला कोणती अक्षरं हवीत ते, मग घरातल्या चौघांची नावं. मुलगा म्हणाला, "आजी, नावं नाही लागत, त्यांच्याकडे अकाउंट नंबर असतो."

"असू दे," ती म्हणाली, "आणि खाली इंदूर लिही. मोठ्या अक्षरात."